सार्वजनिक इमारतींच्या दुरुस्तीत श्रमदानाला अधिकृत स्थान द्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या शाळाखोल्या, चावड्या, वाचनालये आणि व्यायामशाळा यांचे निर्लेखन करून, म्हणजे त्या कागदोपत्री मोडीत काढून, त्या जागी नवे बांधकाम करण्याचे ठराव ग्रामीण भागात एकामागून एक होत आहेत. त्यांतील काही इमारती खरोखरच पाडण्याखेरीज गत्यंतर नसते, हे सार्वजनिक बांधकाम विभागात शाखा अभियंता म्हणून नोकरी केल्यामुळे मी जाणतो. परंतु थोडे कौशल्य, बेताचा पैसा आणि गावाचे श्रम एवढ्यावर पुन्हा वापरात येऊ शकतील अशा इमारतींवरही तोच शिक्का बसतो. त्याचे एक प्रमुख कारण असे की, लोकांनी स्वतःच्या हातांनी केलेल्या दुरुस्तीची नोंद करायला आपल्या शासकीय हिशेबात रकानाच नाही. निवृत्तीनंतर दापोली तालुक्यातील माझ्या गावच्या वाचनालयाची इमारत दुरुस्त करणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटात मी काम केले. त्या कामात जे पाहिले आणि पटले, ते आपल्या दैनिकाच्या वाचकांपुढे आणि संबंधित अधिकाऱ्यांपुढे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

रत्नागिरी जिल्ह्याला वाचनालयांचे वेड फार जुने आहे. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ चे, म्हणजे पुण्याच्या १८४८ च्या नगर वाचन मंदिरापेक्षाही वीस वर्षांनी आधीचे. त्यानंतर जिल्ह्यातल्या खेडोपाडी जी लहान वाचनालये निघाली, त्यांतील अनेकांना मुंबईत नोकरीला गेलेल्या चाकरमान्यांच्या ग्राममंडळांनी वर्गणी काढून इमारती बांधून दिल्या. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला, वाचनालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी ठरली आणि परिरक्षण अनुदान, म्हणजे चालू खर्चासाठीचे अनुदान, मिळू लागले, ही मोठीच सोय झाली. मात्र ‘ड’ किंवा ‘क’ वर्गाच्या वाचनालयाला त्या अनुदानातून ग्रंथपालाचे वेतन, ग्रंथखरेदी, नियतकालिके आणि विजेचे बिल भागवतानाच नाकी नऊ येतात. छपराला हात घालण्याइतकी रक्कम कधी शिल्लक राहत नाही. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या असमान निधी योजनेतून इमारतीसाठी अर्थसाहाय्य मिळू शकते, परंतु तेथेही भाषा बांधकामाची आणि विस्ताराची आहे. उभी असलेली इमारत जपणे हा विषय कोणाच्याच टेबलावर नीट बसत नाही.

आमच्या वाचनालयाची इमारत जांभ्या चिऱ्याची, मंगलोरी कौलांची, दोन खणांची आणि पुढे पडवी असलेली. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांत जो विध्वंस केला, त्यात छपराच्या एका पाख्याची, म्हणजे एका उताराची, बहुतेक कौले उडाली. त्यावर ताडपत्री आली, मग काही पत्रे आले, आणि पुढचे पावसाळे त्या अर्धवट आच्छादनाखाली गेले. पुस्तके एका सभासदाच्या माडीवर हलवली गेली आणि वाचनालय कागदावर चालू राहिले. काही काळाने इमारत धोकादायक असल्याचा अभिप्राय आला आणि ती पाडून सिमेंट काँक्रीटचा सभागृहवजा गाळा बांधावा असा प्रस्ताव पुढे आला. हा प्रस्ताव मांडणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी मुळीच म्हणणार नाही. नव्या बांधकामासाठी निधी मागता येतो आणि दुरुस्तीसाठी मागता येत नाही, ही वस्तुस्थिती त्यांच्यापुढे होती.

आम्ही काही जणांनी आधी इमारत नीट तपासून घेण्याची मुदत मागितली. तिचे दुखणे पाण्याचे होते आणि ते तीन वाटांनी आत येत होते. छपरातून येणारे पाणी सर्वांना दिसत होते. दुसरी वाट अशी की, समोरच्या रस्त्यावर दर वेळी नवा थर चढत गेल्यामुळे आवाराची पातळी वाढून जोत्याला भिडली होती आणि पन्हळीचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी साचत होते. तिसरी वाट म्हणजे पूर्वी कधीतरी मजबुतीच्या भाबड्या समजुतीने भिंतींना आतून-बाहेरून दिलेला सिमेंटचा गिलावा. जांभा सच्छिद्र दगड आहे. तो ओल शोषतो आणि ऊन पडले की बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा घट्ट थर बसला की आत गेलेली ओल बाहेर पडू शकत नाही. ती भिंतीतून वर चढते, क्षार सुटतात, लोणा धरतो, आणि गिलाव्याची ढलपी दगडाचा पापुद्रा सोबत घेऊन गळून पडतात. अभिप्रायात ज्या भिंतींना जीर्ण म्हटले होते, त्यांचे चिरे मुळात शाबूत होते. या एका गोष्टीचा उलगडा झाला तेव्हा विरोधात असलेल्या अनेकांचे मत बदलले, कारण गिलावा खरवडून आतला कोरडा, घट्ट चिरा त्यांनी स्वतःच्या हाताने चाचपून पाहिला.

श्रमदान म्हटले की आपल्याकडे गटारे उपसणे, रस्ता झाडणे आणि शेवटी छायाचित्र काढणे एवढेच डोळ्यांपुढे येते. इमारतीची दुरुस्ती हे त्याहून वेगळे काम आहे आणि त्यात उत्साह हा गुण असला तरी पात्रता नाही. म्हणून आम्ही पहिला निर्णय असा घेतला की काम कुशल कारागिरांच्या हुकमतीत चालेल आणि त्यांना त्यांची पूर्ण मजुरी मिळेल. चुन्याचे काम जाणणारे एक वयोवृद्ध गवंडी आणि जुने सांधे ओळखणारे एक सुतार, अशा दोघांवर कामाची सूत्रे होती. आम्ही स्वयंसेवक, त्यांत निवृत्त शिक्षक होते, बचतगटाच्या महिला होत्या, महाविद्यालयीन मुले होती आणि सुटीला आलेले मुंबईकरही होते, त्यांच्या हाताखाली काम करीत होतो. श्रमदानामुळे मजुरांचा रोजगार बुडतो, असा एक आक्षेप घेतला जातो आणि तो गांभीर्याने घेण्यासारखा आहे. माझा अनुभव असा की, श्रमदान नसते तर हे काम झालेच नसते आणि त्या दोन कारागिरांना मिळालेली मजुरीही मिळाली नसती. शिवाय स्वयंसेवकांच्या वाट्याला जे काम आले ते वेळखाऊ, किचकट आणि कोणत्याही ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात न मावणारे होते.

कौलांचेच उदाहरण घ्यावे. मंगलोरी कौलांचा एक चौरस मीटर पाखा झाकायला साधारण १५ कौले लागतात, म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपराला दीड हजार. आणि एक कौल दोन-अडीच किलोचे. ठेकेदार ही कौले उतरवताना खाली टाकतो आणि नव्यांचा दर लावतो, कारण जुनी कौले एकेक करून तपासण्यात त्याचा दिवस जातो आणि त्याचे त्याला पैसे मिळत नाहीत. आम्ही ती हातोहात उतरवली, नारळाच्या काथ्याच्या ब्रशने शेवाळ घासले आणि प्रत्येक कौलावर बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहिली. खणखणीत आवाज आला तर कौल चांगले, बद्द आवाज आला तर आत तडा आहे. हे काम बचतगटातील महिलांनी इतक्या सफाईने केले की गवंड्यांनी पुढे त्यांची निवड पुन्हा तपासणे सोडून दिले. जी कौले कमी पडली ती जुनी घरे पाडणाऱ्या गावातील आणि शेजारच्या वाडीतील कुटुंबांनी विनामूल्य दिली. मात्र वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत. ती मिसळून लावली तर पहिल्याच वाऱ्यापावसात फटींतून पाणी येते. म्हणून मूळची कौले एका पाख्यावर आणि मागून मिळालेली दुसऱ्या पाख्यावर, अशी विभागणी करावी लागली आणि रिपांमधले, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांमधले, अंतरही त्या त्या कौलाच्या मापाने ठेवावे लागले. शासकीय नोकरीत असताना मीदेखील अशा छपरांसाठी पत्र्याचीच शिफारस सर्रास होताना पाहिली आहे. कोकणात जुलै महिन्यात पत्र्याखाली बसून वाचून पाहावे. पावसाच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही आणि मे महिन्यात तेथे बसवत नाही. वाचनालयाला छप्पर निवडताना एवढा विचार तरी व्हायला हवा.

लाकडाच्या बाबतीतही हेच. वासे ऐनाचे आणि किंजळीचे होते, आणि वाळवी व कुज होती ती मुख्यतः भिंतीत गेलेल्या टोकांना. सबंध वासा बदलण्याऐवजी कुजलेले टोक कापून तेथे नव्या लाकडाचा सांधा देता येतो. हे सुतारांनी दाखवले, आणि लाकडाच्या अपेक्षित खर्चातला मोठा भाग वाचला.

चुन्याच्या कामाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्याचे ज्ञान झपाट्याने नाहीसे होत आहे. पूर्वी किनारपट्टीवर शिंपले भाजून चुना करीत. आता भाजलेली चुनखडी विकत आणावी लागते. तिच्यावर पाणी घातले की ती उकळते, म्हणून ही क्रिया करताना डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हवेतच. चुन्याचा एक थेंब डोळ्यात गेला तरी कायमची इजा होऊ शकते. विरवलेला चुना पाण्याखाली मुरू द्यावा लागतो, जितका अधिक मुरेल तितका चांगला. मग वाळूबरोबर मळून त्याचे पातळ थर एकावर एक द्यायचे, प्रत्येक थर ओला ठेवायचा आणि घाई करायची नाही, कारण चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो. या धीमेपणामुळेच ठेकेदारी कामात चुना परवडत नाही आणि याच धीमेपणामुळे तो स्वयंसेवकांना साजेसा आहे. ज्या गटाकडे रविवार आणि सुटीचे दिवस आहेत, त्याला दोन थरांमध्ये वाट पाहण्याने काही तोटा होत नाही. आमच्या गटातील दोन तरुण मुली दरजा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, चुन्याने भरण्याचे काम इतके चांगले शिकल्या की गवंड्यांनी मागच्या भिंतीचा पूर्ण भाग त्यांच्यावर सोपवला. आपल्या तंत्रशिक्षण संस्थांतून हे कौशल्य शिकवले गेले तर जुन्या वाड्यांच्या, मंदिरांच्या आणि किल्ल्यांच्या या राज्यात त्याला काम कमी पडणार नाही.

वीजजोडणी परवानाधारक तंत्रज्ञांकडून करून घेतली. तेथे स्वयंसेवकांनी हात लावू नये. पडवीच्या एका कोपऱ्यात ॲसबेस्टॉसचा जुना पत्रा होता. तो फोडायचा नाही, कापायचा नाही, ओला करून अखंड उतरवायचा, कारण त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ही माहिती गावोगावच्या उत्साही मंडळींना नसते आणि ती असणे अत्यंत गरजेचे आहे. उंचीवरून पडणे हा अशा कामातला सर्वांत मोठा धोका. जुन्या छपरावर कौलावर पाय द्यायचा नाही, परांचीवर १८ वर्षांखालील कोणीही चढायचे नाही, आणि संध्याकाळी उजेड कमी झाला की वरचे काम थांबवायचे, हे नियम आम्ही दारावर लिहून लावले होते आणि ते मोडणाऱ्याला, तो कितीही मान्यवर असला तरी, खाली उतरवले जात असे. प्रत्येक प्रौढ स्वयंसेवकाने प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत नाव घातले असल्याची खात्री करून घेतली. १८ ते ७० वयोगटातील बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत २ लाख रुपयांचे अपघात संरक्षण त्यात मिळते. ते पुरेसे आहे असे मी म्हणणार नाही, परंतु बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकाच्या मागे तेवढेही नसते, ही चिंतेची बाब आहे.

कोकणात अशा कामाचे वेळापत्रक पाऊस ठरवतो. दिवाळीनंतर सुरुवात करून मृगाच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, छप्पर झाकले गेलेच पाहिजे. सरकारी मंजुरीचा कागद मार्चअखेरीस हाती आला तर दुरुस्तीचा हंगाम निम्म्याहून अधिक सरलेला असतो, ही गोष्ट निधी देणाऱ्या कार्यालयांनी ध्यानात घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आज त्या इमारतीत सकाळी वर्तमानपत्रे वाचायला ज्येष्ठ मंडळी येतात, दुपारी बचतगटांच्या बैठका होतात आणि संध्याकाळी पोलीस भरतीची व स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींची अभ्यासिका चालते. पायऱ्यांच्या बाजूला १२ फुटांना १ फूट चढाचा उतार केल्यामुळे चाकाच्या खुर्चीवरील वाचकालाही आत येता येते, आणि महिलांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह झाल्यामुळे अभ्यासिकेतील मुलींची संख्या वाढली. या दोन्ही गोष्टी मूळ इमारतीत नव्हत्या. जुने जपायचे म्हणजे जुन्या उणिवाही जपायच्या असे नव्हे, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण वारशाच्या नावाखाली कधीकधी तसे होते.

लोकांच्या श्रमांतून सार्वजनिक वास्तू उभी राहणे महाराष्ट्राला नवे नाही. गाडगेबाबांनी लोकांकडून पैसा आणि श्रम गोळा करून ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या आणि त्या पुढे नीट चालाव्यात म्हणून विश्वस्तांची व्यवस्था लावून दिली. लष्करातून निवृत्त होऊन राळेगणसिद्धीला परतलेल्या अण्णा हजारे यांनी १९७५ मध्ये गावातील कामाची सुरुवात यादवबाबांच्या मोडकळीला आलेल्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून केली. त्यात स्वतःची पुंजी घातली, मागोमाग गावकरी श्रमाला आले आणि तेच मंदिर पुढे गावाच्या विचारविनिमयाचे ठिकाण झाले. अशी परंपरा असताना शासनव्यवहारात श्रमदान केवळ कौतुकाचा विषय राहावा, हे मला पटत नाही.

म्हणून माझ्या सूचना अशा. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या जलस्वराज्य प्रकल्पात गावाने द्यायचा लोकवाटा रोख रकमेत किंवा श्रमाच्या रूपाने देण्याची मुभा होती. तीच पद्धत सार्वजनिक इमारतींच्या दुरुस्तीला लागू करावी. स्वयंसेवकांच्या कामाची हजेरीवहीत आणि मोजमाप पुस्तिकेत नोंद व्हावी, जिल्हा दरसूचीप्रमाणे त्याचे मूल्य काढावे आणि ते संस्थेचा हिस्सा म्हणून धरावे. असे झाले तर ज्या वाचनालयाकडे रोख रक्कम नाही पण माणसे आहेत, त्याला कारागिरांची मजुरी आणि साहित्य यांपुरते साहाय्य मागता येईल. मोजमाप कोण प्रमाणित करणार आणि जबाबदारी कोणाची, असा प्रश्न माझे माजी सहकारी विचारतील. त्याचे उत्तर अवघड नाही: सार्वजनिक बांधकाम विभागाच्या तालुक्यातील उपविभागाने जसे ठेकेदाराचे काम मोजायचे तसेच हेही मोजावे, आणि तांत्रिक देखरेखीसाठी एका निवृत्त वा सेवेतील अभियंत्याचे नाव आरंभीच लिहून द्यावे. कोणत्याही इमारतीच्या निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर करण्यापूर्वी दुरुस्तीचे स्वतंत्र अंदाजपत्रक त्याला जोडणे बंधनकारक करावे. आज पाडण्याची किंमत आणि नव्याची किंमत एवढीच मांडली जाते, आणि तिसरा आकडा ग्रामसभेपुढे येतच नाही.

महाविद्यालयांकडूनही माझी अपेक्षा आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर करावे लागते. ही शिबिरे बहुधा हिवाळ्यात, म्हणजे नेमकी आमच्या दुरुस्तीच्या हंगामात होतात. पन्नास विद्यार्थ्यांनी सात दिवसांत एका वाचनालयाची किंवा शाळेची कौले उतरवून, घासून, निवडून रचून ठेवली तर त्या गावाचे निम्मे काम झालेले असेल, आणि कारागिराच्या शेजारी उभे राहून त्या मुलांना जे शिकायला मिळेल ते व्याख्यानांतून मिळणार नाही.

देखभालीचा मुद्दा शेवटी घेत असलो तरी तो सर्वांत निकडीचा आहे. पूर्वी घरोघरी दरवर्षी शाकारणी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी छपराची डागडुजी, होत असे. सार्वजनिक इमारतींची मात्र कोणी करीत नाही, आणि फुटलेल्या दोन कौलांमुळे दहा वर्षांत सबंध पाखा जातो. आमच्या वाचनालयाने दर मे महिन्यात छप्पर तपासण्याचा, पन्हळी साफ करण्याचा आणि जोत्यालगतचा चर मोकळा ठेवण्याचा ठराव घटनेत समाविष्ट केला असून त्यासाठी वार्षिक वर्गणीतून वेगळी रक्कम बाजूला ठेवली जाते. मुंबईच्या मंडळाने मे महिन्यात येणाऱ्या सभासदांची त्या कामासाठी पाळी लावून घेतली आहे. ज्या गावांना किंवा संस्थांना असे काम हाती घ्यायचे आहे, त्यांना आमचे अंदाजपत्रक, साहित्याची यादी, सुरक्षेचे नियम आणि मोजमापांची वही वाचनालयात येऊन पाहता येईल व त्यांची प्रतही नेता येईल. दिवाळीनंतर काम सुरू करायचे असेल तर चुना आणि लाकूड यांची जुळवाजुळव गणपती आटोपताच सुरू करावी.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता,
ता. दापोली, जि. रत्नागिरी